‘संमती’ आणि ‘ना-हरकत’ : वनकार्बन योजनांच्या परिभाषेची चिकित्सा

१

वनांत साठलेल्या कार्बनाचे मोल ठरवावयाचे आणि त्या मोलाच्या आधारे वनांचे रक्षण घडवून आणावयाचे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. २००५ साली माँट्रियल येथील हवामानविषयक परिषदेत पापुआ न्यू गिनी व कोस्टा रिका या देशांनी ती मांडली. पुढे २००७ मध्ये बाली, २०१० मध्ये कानकून व २०१३ मध्ये वॉर्सा येथील परिषदांत तिला आजचे स्वरूप आले. ‘रेड-प्लस’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. वने तोडल्याने व त्यांची अवनती झाल्याने जो वायू हवेत जातो तो कमी करणे हा तिचा मूळ हेतू होय. वनांचे जतन, त्यांचे शाश्वत व्यवस्थापन व कार्बनसाठ्याची वृद्धी या गोष्टी मागाहून ‘प्लस’ या पदाने त्यात सामावल्या गेल्या. भारताने २०१८ मध्ये या योजनेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि २०२३ मध्ये कार्बन-व्यापाराची स्वतंत्र योजनाही अधिसूचित केली.

एतद्विषयक वाङ्मय बहुतांशी वनशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ व विधिज्ञ यांनी निर्माण केलेले आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर या व्यापारातील मालाच्या स्वरूपातच सापडते. बांबूची मोळी उचलून पाहता येते, मोहाची फुले मापाने मोजता येतात, तेंदूच्या पुड्याला हात लावता येतो. ‘न झालेले उत्सर्जन’ मात्र कोणी पाहिलेले नाही व पाहू शकत नाही. ते कागदावर, विशिष्ट शब्दांत, विशिष्ट वाक्यरचनेत सिद्ध केले जाते व तेथेच विकले जाते. ज्या वस्तूचे अस्तित्वच शब्दाधीन आहे तिच्यावरील हक्कही शब्दाधीन असणार, हे उघड आहे. अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांना या व्यवहारात कोणते स्थान मिळते, हे पाहावयाचे तर त्या व्यवहाराची परिभाषा तपासावी लागते. तसा एक मर्यादित प्रयत्न येथे केला आहे.

२

आरंभ ‘वन’ या शब्दापासूनच करणे इष्ट. २००१ च्या माराकेश करारांनी वनाची व्याख्या तीन मापांवर उभी केली : किमान क्षेत्र, झाडांच्या छत्राने झाकलेली टक्केवारी आणि झाडांची उंची. प्रत्येक देशाने ठराविक मर्यादांत आपापली मापे निवडावयाची होती. भारताने ०.०५ हेक्टर, १५ टक्के व २ मीटर अशी मापे निवडली. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची गणना याहून वेगळी आहे. तिच्या लेखी एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर छत्राची घनता दहा टक्क्यांहून अधिक असली की ते वनाच्छादन होय, मग ती जमीन कोणाची आहे व तिचा उपयोग कशासाठी होतो याचा विचार नाही. या मापांनी निलगिरीची लागवड वन ठरू शकते. आणि गवताचे माळ, जेथे धनगरांची मेंढरे शतकानुशतके चरत आली, ते वनाच्या बाहेर राहतात.

याच्या अगदी उलट दिशेने १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला. ‘वन’ या शब्दाचा अर्थ कोशात दिलेल्या अर्थानुसार घ्यावा, असे न्यायालयाने सांगितले. न्यायासनाने कोशकारांवर एवढा भरवसा टाकावा ही गोष्ट शब्दविद्येच्या उपासकांस सुखावणारी खरी, पण त्यात एक अडचण होती. कोश कोणत्या भाषेचा? मराठीपुरते बोलावयाचे तर वन, अरण्य, जंगल, रान, झाडी, राई हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. ‘जंगल’ हा शब्द संस्कृत ‘जांगल’ वरून आला व आयुर्वेदात त्याचा अर्थ कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश असा आहे. आज तोच शब्द घनदाट झाडीचा वाचक झाला आहे. ‘रान’ तर याहून बोलका. देशावरचा शेतकरी ‘रानात गेला’ म्हणजे तो आपल्या शेतात गेला. तोच शब्द रानडुकरात व रानभाजीत आला की वनाचा बोध होतो. शेत व वन यांच्यामध्ये रेघ न ओढणारी एक जीवनपद्धती या एका शब्दात टिकून आहे. कोकणातील राब, मध्य प्रदेशातील बैगांची बेवर, ईशान्येकडील झूम या सर्व रीती याच रेघ नसलेल्या प्रदेशातल्या. उपग्रहाच्या चित्रात मात्र रेघ असतेच. झूमचे क्षेत्र एका वर्षी ‘निर्वनीकरण’ म्हणून व काही वर्षांनी ‘पुनर्वनीकरण’ म्हणून नोंदले जाऊ शकते.

२०२३ साली वनसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे क्षेत्र मुख्यत्वे अधिसूचित व अभिलेखात नोंदलेल्या वनांपुरते आखण्याचा प्रयत्न झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने कोशातील अर्थच तूर्त कायम ठेवला. या दुरुस्तीने इंग्रजी मजकुराच्या कायद्याला ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ असे संस्कृतप्रचुर नाव दिले, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. तिने जोडलेल्या प्रास्ताविकेत २०७० पर्यंत शून्य निव्वळ उत्सर्जन व २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका अतिरिक्त शोषक निर्माण करण्याचे उद्दिष्ट आहे. वनांवर अवलंबून असणाऱ्या समाजांची ‘उपजीविका सुधारणे’ हेही तेथे आहे. परंतु सुधारणा ही देणाऱ्याच्या मर्जीची क्रिया आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचा पाया असलेला ‘हक्क’ हा शब्द त्या वाक्यात नाही.

३

आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांत एका अक्षरावरून झालेला वाद भाषाभ्यासकांनी विसरू नये. १९५७ च्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १०७ क्रमांकाच्या करारात मूलनिवासी समाजांसाठी ‘पॉप्युलेशन्स’, म्हणजे लोकसंख्या या अर्थाचा शब्द होता. भारताने १९५८ मध्ये त्याला मान्यता दिली. १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या करारात ‘पीपल्स’ हा शब्द आला; पण या शब्दाने आंतरराष्ट्रीय विधीतील कोणतेही हक्क सूचित होत नाहीत, असे कलमही त्याच करारात पहिल्याच अनुच्छेदात घालण्यात आले. शब्द द्यावयाचा व लगेच त्याचा अर्थ काढून घ्यावयाचा, याचे यासारखे दुसरे उदाहरण विधिवाङ्मयात क्वचितच मिळेल. हा दुसरा करार भारताने आजवर स्वीकारलेला नाही.

डिसेंबर २००८ मध्ये पोलंडातील पोझनान येथील परिषदेत रेड-योजनेचा मसुदा चर्चेस आला तेव्हा त्यात ‘पीपल्स’ च्या ऐवजी ‘पीपल’ हे रूप राहिले व हक्कांचा निर्देशही गळाला. आदिवासी प्रतिनिधींनी सभागृहाबाहेर निषेध केला. ‘हक्क नाहीत तर रेड नाही’ ही घोषणा त्या निषेधाची. अंत्य ‘एस्’ गेल्याने काय बिघडते, असे परक्याला वाटेल. ‘पीपल’ म्हणजे माणसे, सुटीसुटी. ‘पीपल्स’ म्हणजे जनसमूह, ज्यांना समूह म्हणून भूमी, संस्था व स्वनिर्णय असतो. एका अक्षराच्या लोपाने सामूहिक हक्काचा धारकच नाहीसा होतो.

मराठीत हा भेद दाखविण्यास ते अक्षरही नाही. ‘लोक’ हा शब्द आपल्याकडे बहुवचनीच चालतो. ‘आदिवासी लोक’ म्हटले की माणसेही आली व समाजही आला, आणि वाचणाऱ्याला कोणता अर्थ अभिप्रेत होता हे कळत नाही. ‘जनसमाज’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. तो अनुवादकांनी अंगीकारावा. खुद्द ‘आदिवासी’ या शब्दाची कथाही सरळ नाही. संविधानात ‘अनुसूचित जमाती’ आहेत, ‘आदिवासी’ नाहीत. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मूलनिवासी जनसमाजांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारला, ११ देश तटस्थ राहिले. भारताने बाजूने मत दिले. तथापि देशातील सर्वच लोक मूलनिवासी होत, अशी भारताची भूमिका राहिली आहे. सर्वांना लागू होणारे विशेषण कोणालाच वेगळे करीत नाही, हे तर्कशास्त्राचे साधे तत्त्व येथे राजकारणात उपयोगी पडले आहे.

४

कानकूनच्या निर्णयास जोडलेल्या परिशिष्टात रेड-योजनेच्या संरक्षक अटी दिल्या आहेत. त्यांतील एकीत मूलनिवासी जनसमाज व स्थानिक समुदायांचे सदस्य यांच्या ज्ञानाविषयी व हक्कांविषयी आदर असावा असे म्हटले आहे. गेलेला ‘एस्’ येथे परत आला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या आदराला तीन उपवाक्ये जोडली आहेत : संबद्ध आंतरराष्ट्रीय बंधने लक्षात घेऊन, राष्ट्रीय परिस्थिती व कायदे लक्षात घेऊन, आणि महासभेने जाहीरनामा स्वीकारला आहे याची नोंद घेऊन. हा शेवटचा प्रयोग पाहावा. जाहीरनाम्यातील हक्क मान्य करून असे म्हटलेले नाही; तो स्वीकारला गेला या घटनेची नोंद घेतली आहे. नोंद ऐतिहासिक घटनेची होते, बंधनाची होत नाही. शिवाय या सर्व अटी ‘प्रोत्साहित व समर्थित’ व्हाव्यात असे क्रियापद आहे, त्या ‘पाळल्या जाव्यात’ असे नव्हे. आणि ‘संमती’ हा शब्द या अटींत कोठेही नाही. ‘पूर्ण व परिणामकारक सहभाग’ आहे.

मूळ जाहीरनाम्याची वाक्यरचनाही सर्वत्र सारखी नाही. स्थलांतरासंबंधीच्या दहाव्या अनुच्छेदात मुक्त, पूर्व व ज्ञात संमतीशिवाय स्थलांतर होणार नाही, असा निषेध आहे. येथे संमती ही अट आहे. ती नसेल तर क्रिया थांबते. बत्तिसाव्या अनुच्छेदात, जेथे भूमीवर व साधनांवर परिणाम करणाऱ्या प्रकल्पांचा विचार आहे, तेथे राज्यांनी संमती मिळविण्यासाठी सद्भावनेने सल्लामसलत करावी, असे म्हटले आहे. येथे मुख्य क्रियापद सल्लामसलतीचे. संमती ही त्या क्रियेचा हेतू दर्शविणाऱ्या गौण वाक्यात गेली आहे. मराठीत ‘संमतीशिवाय होणार नाही’ आणि ‘संमती मिळविण्यासाठी बोलणी होतील’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की अंतर लगेच जाणवते. हेतू सफल न झाल्यास काय, याचे उत्तर दुसऱ्या वाक्यात नाही. कार्बन-प्रकल्पात बहुधा स्थलांतर नसते, वनाच्या वापरावर निर्बंध असतात. म्हणजे ते सामान्यतः या दुसऱ्या, दुर्बल वाक्याच्या कक्षेत येतात. चुलीसाठी सरपण आणण्यास मना केलेली स्त्री स्थलांतरित झालेली नसते.

भारतीय विधीत याहून बळकट वाक्ये आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात वन्यजीवांच्या अतिसंवेदनशील अधिवासातून पुनर्वसन करावयाचे असल्यास ग्रामसभेची मुक्त व ज्ञात संमती लेखी मिळालेली असली पाहिजे अशी अट आहे. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन अन्य कामास देण्यापूर्वी ग्रामसभांची संमती आवश्यक ठरविली. नियमगिरीच्या प्रकरणात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंध व त्यांच्या शेजाऱ्यांच्या हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपविला, आणि त्याच वर्षी बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीस एकमुखाने नकार दिला. येथे विचारणे व होकार मिळविणे यांतील फरक प्रत्यक्षात दिसला. नकार शक्य होता म्हणूनच संमतीला अर्थ होता. २०२२ च्या वनसंरक्षण नियमांनी हक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी राज्य शासनावर सोपवून ती केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर नेली. ‘पूर्वसंमती’ या समासातील ‘पूर्व’ हे पद कशाच्या पूर्वी, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सरकले. केंद्राची मंजुरी हाती असताना विचारलेला प्रश्न व ती येण्यापूर्वी विचारलेला प्रश्न, शब्द तेच असले तरी, एकच प्रश्न नव्हेत.

महाराष्ट्रातील व्यवहारात संमतीचे काम बहुधा दुसराच एक शब्दप्रयोग करतो, तो म्हणजे ‘ना-हरकत’. ना-हरकत दाखला, ना-हरकत ठराव हे शब्द तालुक्याच्या कचेरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत रुळलेले आहेत. अर्थदृष्ट्या पाहता हा दुहेरी नकार आहे : हरकत आहे, तिचा अभाव. तर्कात दोन नकारांचा एक होकार होतो असे शिकविले जाते. भाषेत तसे होत नाही. ‘तुमच्या मुलीचा विवाह या घरी करण्यास माझी हरकत नाही’ असे म्हणणारा पिता व ‘हा विवाह मला मान्य आहे’ असे म्हणणारा पिता यांच्यातील अंतर कोणाही मराठी माणसाला समजते. हरकत घेण्यासाठी विषय आधी कोणीतरी मांडलेला असावा लागतो. ना-हरकत देणारा हा नेहमीच दुसऱ्याने आरंभिलेल्या कार्याच्या काठावर उभा असतो. त्याचे मौनही ना-हरकत म्हणून धरता येते, आणि धरले जाते. संमती ही क्रिया आहे, ना-हरकत हा क्रियेचा अभाव आहे. ज्या प्रकल्पात समाज तीस-चाळीस वर्षे बांधला जावयाचा त्यास अभावरूपी होकार पुरेसा मानणे म्हणजे ‘ज्ञात संमती’ या संकल्पनेचा गाभाच सोडणे होय.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने याला दिलेले उत्तर लक्षणीय आहे. तेथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, आणि ठरावापूर्वी विषय अभ्यासगटात चर्चिला जातो. एका घराचा विरोध असेल तर निर्णय थांबतो. ही रीत संथ आहे, प्रकल्पाच्या वेळापत्रकाला ती गैरसोयीची आहे, यात संशय नाही. सर्वच गावे मेंढ्यासारखी नाहीत हेही खरे. अनेक ग्रामसभांत स्त्रिया व भूमिहीन यांचा शब्द ऐकला जात नाही आणि म्हणूनच २०१२ च्या दुरुस्त नियमांत निम्म्या सदस्यांची गणपूर्ती व उपस्थितांत एकतृतीयांश स्त्रिया अशी अट घालावी लागली. ग्रामसभेचे गुणगान करणाऱ्यांनी ही बाजू झाकून ठेवू नये.

५

‘हक्क’ या शब्दाकडे वळण्यापूर्वी एक अवांतर निरीक्षण. हिंदीत २००६ चा कायदा ‘वन अधिकार अधिनियम’ म्हणून ओळखला जातो, मराठीत ‘वनहक्क’. मराठीचा शब्द अधिक नेमका आहे. आपल्याकडे अधिकार असतो तो अधिकाऱ्याला, हक्क असतो तो ज्याचे देणे लागते त्याला. ‘हक्क’ हा अरबी शब्द; सत्य, न्याय्य, ज्याचे त्याला देणे हे त्याचे मूळ अर्थ. आणि कायद्याच्या मराठी नावात ‘वनहक्क मान्यता’ आहे. मान्यता ही आधीच असलेल्या गोष्टीला दिली जाते. ऐतिहासिक अन्यायाचा स्पष्ट उल्लेख प्रास्ताविकेत करणाऱ्या या कायद्याचा सारा भार या एका पदावर आहे : राज्य हक्क निर्माण करीत नाही, ते ओळखते.

तरीही वृत्तपत्रांत व शासकीय कार्यक्रमपत्रिकांत सर्रास आढळतो तो प्रयोग ‘वनपट्टे वाटप’. वाटप करणारा दाता असतो, घेणारा याचक वा लाभार्थी. कायद्याने मिटविलेले नाते शब्दाने परत आणले. या शब्दाची पूर्वपीठिका जुनी आहे. १८७८ च्या वनकायद्याच्या काळापासून इंग्रज अधिकाऱ्यांचा आग्रह होता की, रयतेच्या वनातील वापरास हक्क न म्हणता सवलत म्हणावे, कारण सवलत काढून घेता येते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत भातरोपांच्या वाफ्यांवर राब जाळण्यासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याचा प्रश्न एवढा पेटला की, मुंबई सरकारला वन-आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. राबाला हक्क म्हणावयाचे की सवलत, हा तेव्हाचा वाद आणि ‘लाभवाटप’ या कार्बन-योजनांच्या आवडत्या शब्दाविषयीचा आजचा वाद यांत तत्त्वतः भेद नाही. लाभाचे वाटप होते असे म्हटले की मालमत्ता कोणाची हा प्रश्न आधीच सुटलेला असतो, व तो वाटणाऱ्याच्या बाजूने सुटलेला असतो. मालकाला लाभ ‘वाटून’ देत नाहीत, त्याला किंमत देतात.

‘क्रेडिट’ चे मराठीकरण हा याच प्रकारचा घोटाळा आहे. ‘कार्बन पत’ असे भाषांतर काही ठिकाणी रूढ होऊ पाहते. पत म्हणजे ऋण मिळविण्याची योग्यता. पतपेढीतील पत ती हीच. येथे अभिप्रेत अर्थ तो नव्हे, खतावणीतील ‘जमा’ हा आहे. कोणाच्या तरी खाती एक टन जमा, आणि दुसऱ्या कोणाच्या खाती तेवढाच नावे. ‘कार्बन-जमा’ म्हटले तर निदान खाते कोणाचे, हा प्रश्न विचारणे भाग पडते. ‘पत’ म्हटल्याने तो सुचतही नाही.

६

आता या परिभाषेच्या मुळाशी असलेल्या एका व्याकरणिक रूपाकडे. कार्बन-जमा मिळण्यासाठी ‘आधाररेषा’ ठरवावी लागते : प्रकल्प नसता तर काय झाले असते? ‘प्रकल्प नसता तर एवढे वन तुटले असते’ हे वाक्य संकेतार्थाचे आहे. मराठी व्याकरणकारांनी संकेतार्थाचे लक्षण सांगताना दोन्ही क्रिया घडलेल्या नाहीत असे सांगितले आहे. पाऊस पडला असता तर पीक आले असते, म्हणजे पाऊस पडला नाही व पीक आले नाही. कार्बन-बाजारात विकला जातो तो या संकेतार्थाचा उत्तरार्ध. त्याची सत्यता तपासण्यास प्रत्यक्ष प्रमाण नाही, अनुमानच आहे. आणि अनुमान करणारा व विकणारा पुष्कळदा एकच असतो.

परंतु अधिक महत्त्वाचा प्रश्न कर्त्याचा आहे. ‘वन तुटले असते’ हा अकर्तृक प्रयोग. कोणी तोडले असते? प्रकल्पपत्रिकांतील ‘वनऱ्हासाची कारणे’ या प्रकरणात सरपण, चराई, वणवा, फिरती शेती ही कारणे वारंवार येतात, म्हणजे दडलेला कर्ता तेथे राहणारा माणूस असतो. यातून एक विलक्षण विसंगती उद्भवते. ज्या समाजाने आपले वन कधीच तोडले नाही त्याच्यासाठी संकेतार्थाचे वाक्यच रचता येत नाही. त्याचे वन ‘नसते तरी’ टिकलेच असते, म्हणून त्याला जमा नाही. जमा हवी असेल तर त्याने आधी आपण वनाचे संभाव्य शत्रू आहोत, असे लिहून दिले पाहिजे. रक्षणाचा इतिहास हा येथे दोष ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याशी किंवा वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेशी, जेथे वनवासी हे वनव्यवस्थेच्या टिकण्याचे अविभाज्य अंग मानले आहेत, हे वाक्य मुळीच जुळत नाही. रेड मधील ‘प्लस’ ने ही अडचण दूर करावयाची होती; बाजाराने मात्र टळलेल्या तोडीलाच अधिक सहज ओळखले आहे.

मेघालयातील खासी डोंगरांत याचे अधिक गुंतागुंतीचे, आणि अधिक आशादायक, रूप पाहावयास मिळते. मॉफलांगच्या परिसरातील दहा हिमांनी, म्हणजे परंपरागत खासी राज्यांनी, आपले संघटन करून सुमारे २७ हजार हेक्टर क्षेत्रावर वनकार्बन प्रकल्प उभारला व २०१३ मध्ये त्यास ‘प्लॅन विवो’ या मानकाखाली प्रमाणपत्र मिळाले. सहाव्या अनुसूचीमुळे येथे भूमी समाजाची व कुळांची आहे. हिमा व त्यांचे दरबार या संस्था प्रकल्पासाठी निर्माण केलेल्या नव्हेत, त्या आधीपासून आहेत. म्हणून येथे ‘लाभवाटप’ हा शब्द तितकासा खटकत नाही. मॉफलांगची देवराई प्रसिद्ध आहे. खासी भाषेत तिला ‘लॉ किन्तांग’, पवित्र वन, म्हणतात. तेथून पानही बाहेर न्यावयाचे नाही असा दंडक आहे. कोकणातील देवराईंशी परिचय असणाऱ्यास हे अपरिचित वाटणार नाही. तिच्या जोडीला ‘लॉ आडोंग’ हा दुसरा वर्ग : अडविलेले वन, गावच्या स्वतःच्या गरजेसाठी राखलेले, ज्यातील लाकूड विकावयाचे नाही.

या दोन शब्दांपुढे कार्बनची परिभाषा उभी केली म्हणजे प्रश्न दिसू लागतात. देवराई शतकानुशतके सुरक्षित असल्याने तिच्यापुरते संकेतार्थाचे वाक्य दुबळे पडते. बळकट वाक्ये मिळतात ती आजूबाजूच्या खुरटलेल्या, जळालेल्या, दगडखाणींनी खाल्लेल्या उतारांसाठी. सर्वांत पवित्र ते बाजारात सर्वांत कमी बोलते. आणि ‘लॉ आडोंग’ मधून विक्री निषिद्ध असेल तर त्यातील कार्बन विकणे हा निषेधाचा भंग होय की नव्हे? झाड जागेवरच राहते, म्हणून भंग नाही, असे म्हणता येईल. वनाचे जे काही आहे ते गावाबाहेरच्याला विकले, म्हणून भंग आहे, असेही म्हणता येईल. निर्णय खासी दरबारांनी करावयाचा आहे व तो त्यांच्या भाषेत होणार; एवढे मात्र खरे की, हा प्रश्न विचारता येतो तो त्या वर्गवारीचे शब्द जिवंत आहेत म्हणून. जेथे सर्व क्षेत्र ‘वनाच्छादन’ या एका शब्दाखाली आले तेथे तो विचारलाही जात नाही.

ब्राझीलमधील पाइतेर सुरुई या लहानशा जनसमाजाने हक्काचा प्रश्न सर्वप्रथम सोडवून घेतला होता. त्यांच्या भूमीवरील वनातील कार्बन त्यांचाच आहे, असे कायदेशीर मत २००९ मध्ये मिळविल्यावरच त्यांनी प्रकल्प पुढे नेला, व २०१३ मध्ये पहिली विक्री केली. पुढे बेकायदा खाणकाम व तोड यांनी तो प्रदेश पोखरला आणि समाजातही मतभेद झाले. २०१८ मध्ये प्रकल्प स्थगित झाला. हक्क स्पष्ट असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. परंतु ज्यांना पहिलीच पायरी चढू दिलेली नाही त्यांना दुसऱ्या पायरीचे धोके सांगून थांबविणे उचित नव्हे.

७

भारतात ही पहिली पायरी अद्याप अस्पष्ट आहे, आणि तिचे स्वरूप समजण्यासाठी बांबूचा दाखला पुरेसा आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने बांबू हे गवत. पण व्याख्येत ‘समावेश होतो’ हे क्रियापद असले की निसर्गाला बोलण्याची मुभा उरत नाही. २००६ च्या कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव स्पष्टपणे घातले व त्यावर वनवासींची मालकी मान्य केली. मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवरील सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही गावाने तोडलेल्या बांबूस वाहतुकीचा परवाना देण्यास वनखात्याने नकार दिला. दोन कायद्यांतील दोन व्याख्या एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि मधे गावाचा बांबू अडकला होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जुन्या कायद्यातील ‘बांबू’ हा शब्द प्रत्यक्षात वगळला गेला तो २०१७ मध्ये.

कार्बनाची अवस्था याहून कठीण आहे. ऑक्टोबर २०२३ च्या हरित-जमा नियमांखाली ‘अवनत’ वनजमिनीवर झाडे लावून त्यांच्या जमा मिळविण्याची व्यवस्था झाली. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडे व प्रत्येक झाडास एक जमा असे माप होते, २०२५ मध्ये ते बदलून जगलेली झाडे व छत्राची घनता यांना महत्त्व आले. अवनत ठरणारी ही जमीन बहुधा गावाची चराई, तेंदू-मोहाचा टापू अथवा सामूहिक हक्काचा दावा प्रलंबित असलेले क्षेत्र असते. २००६ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक वनसाधनाचे रक्षण, पुनर्निर्मिती, जतन व व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे; या चार शब्दांतून कार्बनवरील मालकी निघते, असा युक्तिवाद करता येतो व तो दुर्बल नाही, कारण जे रक्षणाने निर्माण झाले ते रक्षकाचे, हा न्याय साधा आहे. विरुद्ध युक्तिवाद एवढाच की, गौण वनोपजाच्या यादीत बांबू, वेत, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदू पाने, औषधी वनस्पती, मुळे, कंद ही नावे आहेत, कार्बन नाही. १९२७ च्या कायद्यातील ‘वनोपज’ या शब्दाच्या व्याख्येतही तो नाही.